बघणाऱ्याचं नाव

भारतीय सिनेमातलं पहिलं ओलेत्या साड्यांचं दृश्य दादासाहेब फाळक्यांनी घेतलं, आणि त्यात बाई एकही नव्हती. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याची जी थोडी फीत आज उरली आहे, तीत राणी तारामती सख्यांसोबत हौदात उतरलेली दिसते. पाणी उडतं, लुगडी अंगाला चिकटतात. ही तारामती म्हणजे अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात दहा रुपये पगारावर आचारी असलेला हा नाजूक बांध्याचा तरुण फाळक्यांनी पंधरा रुपये देऊ करून उचलला. सख्याही पुरुषच. नायिकेच्या शोधात फाळके वेश्यावस्तीपर्यंत जाऊन आले होते, पण तिथूनही काही साधलं नव्हतं.

सिनेमाच्या इतिहासात हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसते. पडद्यावर बाई यायच्या आधीच तिच्याकडे कसं बघायचं ते ठरून गेलेलं होतं. हौद बांधून तयार, कॅमेरा लावून तयार, फक्त उतरायला माणूस हवं होतं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, म्हणजे आधीच आखलेल्या चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. त्या धाडसाबद्दल समाजाने नावं ठेवली ती त्यांना. हौद बांधणाऱ्याला कुणी काही म्हटल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हापासून आपण एकाच प्रश्नावर भांडत आलो आहोत : किती दाखवलं? पदर कुठपर्यंत ढळला, पाठ किती उघडी, कोर्टाला चालेल का, सेन्सॉरला चालेल का. कोण बघतंय, कुणाच्या सांगण्यावरून बघतंय, आणि बघण्याचे पैसे कुणाच्या गल्ल्यात पडतायत, हे प्रश्न मात्र बहुतेक वेळा बाजूलाच राहिले. प्रसारमाध्यमांतली बाई हा विषय निघाला की लोक हिंदी सिनेमा आणि जाहिरातींकडे बोट दाखवतात. आपण आपल्या घरापासून सुरुवात करू. म्हणजे तुमच्या हातात आहे त्या दिवाळी अंकापासून.

काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक प्रथाच पडली. पुढे मुखपृष्ठावर बाई असणं इतकं अंगवळणी पडलं, की ती नसली तर अंक ओकाबोका वाटावा. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा मूळच्या गोवेकर चित्रकारांनी मराठी घरांच्या डोळ्यांना सौंदर्याचं वळण लावलं. दलालांनी तर १९४५ मध्ये स्वतःचा 'दीपावली' सुरू केला. मुळगावकरांच्या फवाऱ्याच्या रंगकामात त्वचा अशी काही उजळायची की ती चित्रं लोक चौकट करून भिंतीवर लावत. मीही त्या चित्रांच्या प्रेमात वाढले आणि आजही ती मला सुंदर वाटतात. पण शेजारीशेजारी दहा-बारा मुखपृष्ठं मांडून बघा. हातात पणती किंवा पूजेचं तबक, मान किंचित कललेली, आणि नजर बहुधा खाली नाहीतर भलतीकडेच. आपण तिला निवांत न्याहाळावं आणि तिनं आपल्याकडे बघू नये, असा तो अलिखित करार.

हा करार सर्वांत उघडपणे पाळला गेला तो 'आवाज'च्या खिडकीचित्रांत. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या या विनोदी अंकाने छपाईची एक नामी युक्ती लोकप्रिय केली. पानाला चौकोनी भोक कापलेलं, त्यातून पुढच्या पानावरच्या चित्राचा एवढासा तुकडा दिसतो. धर्ती साधारण अशी : खिडकीत गुडघ्यांच्या वरपर्यंत उघडे पाय, वाकलेली तरुण बाई, आणि बाहेर डोळे विस्फारून उभा एक गृहस्थ. पान उलटलं की कळतं, बाई पाटावर पाय पसरून तान्ह्याला न्हाऊ घालतेय. वाचक चपापतो, हसतो, आणि अंक उशीखाली ठेवून देतो, कारण पोरांच्या हाती लागायला नको.

या चित्रांची बाजू घेता येते, आणि ती खोटी नाही. त्यात उघडं असं काहीच नसायचं. पाप वाचकाच्या मनात असायचं आणि पान उलटल्यावर त्याचीच फजिती व्हायची. मराठी विनोदाला शोभेल असाच हा चावटपणा. तरी यंत्रणा लक्षात घ्यायला हवी. चित्रातल्या बाईला आपल्याकडे कुणी बघतंय हे ठाऊक नाही. ठाऊक असतं तर विनोदच झाला नसता. हसण्याचा व्यवहार चित्रकार आणि वाचक या दोघांत पार पडतो; ती फक्त कच्चा माल.

दादा कोंडक्यांच्या द्व्यर्थी संवादांचं तंत्र हेच होतं. 'सोंगाड्या' १९७१ चा, आणि तिथून पुढे रौप्यमहोत्सवांची रांग लागली. त्या संवादांत नायिका एक बोलते आणि थेटर दुसरंच ऐकतं. तिनं भाबडं राहणं ही विनोदाची अट असते. तिलाही कळलंय असं दिसलं, की तीच 'तसली' ठरते. दादांवर तोंडसुख घेणाऱ्या पांढरपेशा समीक्षकांचा राग मात्र निव्वळ स्त्रीच्या सन्मानापोटी होता असं मी मानत नाही. गिरणगावातला आणि खेड्यातला प्रेक्षक जे हसणं उघडपणे, शिट्टी मारून हसायचा, तेच हसणं या मंडळींच्या घरी दिवाळी अंकाच्या खिडकीतून गुपचूप चालायचं.

ही खिडकी पुढे कुठवर पोचली याचा दाखला २०२२ च्या जूनमध्ये मिळाला. 'लेयर शॉट' नावाच्या सुगंधी फवाऱ्याची जाहिरात. दुकानात चार तरुण आणि त्यांच्या पुढ्यात एकटी मुलगी. आपण चौघं आणि ही एकच, 'शॉट' कोण घेणार, अशी त्यांची कुजबुज. मुलगी दचकून वळते, चेहऱ्यावर भीती. मग कळतं की बोलणं फडताळावरच्या शेवटच्या बाटलीबद्दल होतं. पान उलटलं, निष्पाप अर्थ निघाला, हसा! माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ही जाहिरात समाजमाध्यमांवरून काढायला लावली, ते योग्यच झालं. पण खिडकीचित्रापासून इथवर एक मोठा फरक पडला आहे. पूर्वी विनोद घडायला बाई अजाण असावी लागे. इथे तिला सगळं ऐकू येतंय, ती घाबरलीय, आणि तिचं घाबरणं हाच विनोद आहे. ही जाहिरात किती जणांच्या हाताखालून, किती बैठकांतून मंजूर होत गेली असेल याचा विचार करावा. अंगप्रदर्शन मोजणाऱ्या कुठल्याही फूटपट्टीवर ती सहज पास होईल. मुलगी पुरेपूर कपड्यांत होती.

* * *

कायद्याकडे हीच फूटपट्टी होती. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवत होते, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र छापत होते, आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे हे कंठशोष करून सांगत होते. लैंगिक प्रश्नांवर वाचकांनी विचारलेल्या शंकांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, म्हणून १९३४ मध्ये खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. बाईच्या शरीराबद्दल तिला स्वतःला माहिती हवी, एवढंच ज्याचं म्हणणं होतं, तो माणूस अश्लील ठरला.

'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकणाऱ्या मुंबईतल्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली होती. एका दिवाळी अंकातल्या त्या गोष्टीचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला आणि १९६९ मध्ये काकोडकर सुटले. या सगळ्या निकालांत चर्चा आहे ती वाचकाची नीती बिघडेल का याची. कोवळ्या मनाचा वाचक कसा वाचेल, याची न्यायमूर्तींना काळजी आहे. गोष्टीतल्या किंवा चित्रातल्या बाईचं काय होतं, हा प्रश्नच कायद्यात नव्हता.

तो यावा म्हणून स्त्री संघटनांनी झगडा केला. सत्तरीच्या अखेरीस मथुरा बलात्कार प्रकरणातल्या निकालाने देश हलला होता आणि त्याच सुमारास, १९८० मध्ये, 'इन्साफ का तराजू' आला. बलात्काराविरुद्धचा म्हणवणारा हा सिनेमा बलात्काराचीच दृश्यं चवीचवीने दाखवतो, अशी टीका तेव्हा बायकांनीच केली. या वातावरणातून १९८६ चा कायदा आला, स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा. त्याच्या व्याख्येत प्रथमच एक नवी गोष्ट होती : स्त्रीला हीन लेखणारं, तिची मानहानी करणारं चित्रण. पण त्याच व्याख्येच्या शेपटाला सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवणारं चित्रणही जोडलेलं होतं. हीन लेखणं म्हणजे काय हे ठरवायला डोकं लागतं, नीतिमत्ता बिघडली हे म्हणायला नुसता आवाज चढवावा लागतो. पोलिसांनी सोपं होतं ते उचललं. शिवाय सेन्सॉरने पास केलेला सिनेमा या कायद्याच्या आवाक्याबाहेर ठेवला होता. पहिल्या गुन्ह्याला दंड कमाल दोन हजार रुपये.

या कायद्याचा महाराष्ट्रातला सर्वांत गाजलेला खटला 'टफ' बुटांच्या जाहिरातीचा. साल १९९५. मधू सप्रे आणि मिलिंद सोमण, पायात बूट, अंगावर दुसरं काही नाही, दोघांभोवती अजगर. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्तांचं. मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अजगरापायी वन्यजीव कायद्याचं प्रकरण वेगळं. निकाल लागायला चौदा वर्षं गेली. २००९ मध्ये सगळे सुटले, तोवर त्या बुटांची कुणाला आठवणही नव्हती. जाहिरात ग्राहकाचं लक्ष ओढण्यासाठीच केलेली होती, यात शंका नाही. पण त्या चित्रात दोघं सारखेच उघडे आहेत, दोघंही खेळाडूच्या बांध्याचे, दोघांची संमती आहे, आणि चोरून कुणी कुणाकडे बघत नाही. त्याच काळात साबण, पंखा, टायर, अंतर्वस्त्रं अशा हरतऱ्हेच्या मालाशेजारी ओलेती बाई उभी करून ठेवलेली होती. ते खपलं, कारण पुरुष सूटबुटात होता आणि बाई कमी कपड्यांत. ही आपल्या सवयीची मांडणी. सवय मोडली तेव्हाच आपल्याला अश्लील दिसलं.

* * *

लावणीचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. चौफुल्याच्या किंवा मोडनिंबच्या कलाकेंद्रात संगीतबारीची बैठक असते. बाई नऊवारीत, गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली. समोरचा पैसे काढतो, लावणीची फर्माईश करतो, आणि ती त्याच्या डोळ्यांत डोळे घालून अदा करते. दौलतजादा आधी, लावणी मग. गिऱ्हाइकाने आगाऊपणा केला तर चारचौघांत त्याची टोपी उडवणारं उत्तर तिच्या जिभेवर तयार असतं. बघणारा इथे अंधारात बसलेला नाही, तिला तो दिसतोय आणि तिने त्याचा दाम लावलाय. भूषण कोरगावकरांच्या 'संगीत बारी' या पुस्तकात हे जग जवळून दिसतं. ते सोवळंही नाही आणि स्वतंत्रही नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी दाखवून दिलं, की लावणी हे विशिष्ट जातींच्या बायकांवर लादलेलं श्रमाचं काम होतं. त्यांच्या शरीरावर हक्क सांगणारे वरचे होते आणि बदनामी मात्र नाचणारीची. तरीही त्या बैठकीत तिला एक गोष्ट मिळते, ती म्हणजे उलट बघण्याची सोय.

सिनेमाने ती काढून घेतली. कॅमेऱ्याने लावणीचे तुकडे केले : कंबर, पाठ, ओठ, मध्येच शिट्टी मारणारा पुढारी, पुन्हा कंबर. 'जत्रा' या २००६ च्या मराठी चित्रपटातलं 'कोंबडी पळाली' आठवा. क्रांती रेडकर आणि भरत जाधव दोघं मिळून जो धुडगूस घालतात, त्यात दोघंही सारखेच वेडे आहेत. अजय-अतुलची तीच चाल २०१२ मध्ये 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन गेली. आता बाई एकटी, भोवती दारू पिणाऱ्या पुरुषांचा घोळका, आणि कॅमेरा त्या घोळक्याच्या बाजूचा. ठेका तोच, पण गंमत करणारी बाई जाऊन जिची गंमत केली जाते ती बाई आली. कतरिना कैफने काम चोख केलंय, तक्रार तिच्याबद्दल नाही.

हे गाणं देशभर वाजत होतं तेव्हा महाराष्ट्रात काय चाललं होतं? २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बार बंद केले. तारांकित हॉटेलं आणि जिमखाने वगळले होते, म्हणजे बघणारा पुरेसा पैसेवाला असेल तर नीतीला धोका नाही! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली, सरकारने पुन्हा नवे कायदे केले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही कित्येक अटी काढून टाकल्या. या सगळ्या काळात 'बिडी', 'मुन्नी', 'शीला', 'चमेली' ही गाणी गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या वरातीत आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांत वाजत होती. पनवेलच्या बारमध्ये पोटासाठी नाचणारीचा रोजगार गेला. तोच नाच पडद्यावर बसवून विकणारा उद्योग सन्मानाने पुरस्कार घेत राहिला.

अभिनेत्री जीना डेव्हिस यांच्या संस्थेने अकरा देशांतल्या लोकप्रिय चित्रपटांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय चित्रपटांतल्या स्त्री-पात्रांपैकी ३५ टक्के कुठल्या ना कुठल्या प्रमाणात उघडी दाखवलेली होती, आणि दिग्दर्शकांमध्ये बायका होत्या सुमारे नऊ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते कळतं.

 

* * *

आता आमच्या धंद्याकडे येते, कारण वर्तमानपत्रं या बाबतीत सिनेमाला कधीच मागे टाकून गेली आहेत. मराठी बातम्यांचं कुठलंही संकेतस्थळ उघडा. वर शेतकऱ्यांची कर्जमाफी, मध्ये अपघात, आणि खाली फोटोंची माळ. मथळे ठरलेले : 'साडीत खुललं सौंदर्य', 'बोल्ड लूकने वाढवला पारा', 'कातिल अदांवर नेटकरी घायाळ'. फोटो अभिनेत्रीने स्वतःच्या खात्यावर टाकलेले असतात. कधी ती सहलीला गेलेली, कधी बहिणीच्या लग्नात. बातमी शून्य. एकेक फोटो वेगळ्या पानावर, कारण दर पान उलटण्याला जाहिरातीचा हिशेब आहे. संध्याकाळच्या पाळीत किती माळा गुंफल्या याची वरिष्ठांकडे नोंद असते. हा मथळा लिहायला बसवलेली उपसंपादक कित्येकदा तेवीस-चोवीस वर्षांची मुलगीच असते, आणि ती काय लिहितेय हे तिला पुरतं कळत असतं. मी अशा टेबलाजवळ पुष्कळ बसले आहे.

२०१४ च्या सप्टेंबरात टाइम्स ऑफ इंडियाच्या करमणूक विभागाने ट्विटरवर दीपिका पदुकोणच्या छातीबद्दल एक ओळ टाकली. दीपिकाने तिथल्या तिथे सुनावलं, की होय, मी बाई आहे, मला शरीर आहे, तुम्हाला काही अडचण? वर्तमानपत्राने पुढे जे समर्थन केलं त्याचा सूर असा होता, की ती सिनेमात आणि मासिकांत अंग दाखवतेच, मग आम्ही बोललो तर काय बिघडलं? पुन्हा तीच फूटपट्टी. भूमिकेसाठी स्वतः ठरवून एखादा पोशाख घालणं, आणि कार्यक्रमातून चालताना वरून टिपलेली चौकट तिच्या परवानगीविना विकणं, या दोहोंत फरक करायचीच तयारी नाही.

हा फरक कायद्याला कळला, तोही उशिरा. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. जे. एस. वर्मा समितीने शिफारशी केल्या आणि २०१३ मध्ये दंडसंहितेत ३५४ सी हे कलम आलं. आता ते भारतीय न्याय संहितेत ७७ क्रमांकाचं आहे. खासगी क्षणी बाईला चोरून बघणं किंवा टिपणं हा गुन्हा. आणि त्यात पुढचं एक स्पष्टीकरण आहे, ते फार मोलाचं : फोटो काढायला तिची संमती असेल, पण पसरवायला नसेल, तर पसरवणारा गुन्हेगार. किती दिसतंय हे या कलमात मध्यवर्ती नाही. परवानगी कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे विचारलंय. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदाच बघणारा उभा केलाय.

नर्तकी गौतमी पाटीलच्या बाबतीत या दोन्ही फूटपट्ट्या एकाच वेळी दिसल्या. तिच्या हावभावांवर गावोगाव चर्चा झाली, ज्येष्ठ लावणी कलावंतांनी झोडपलं, वाहिन्यांनी तेच हावभाव दिवसातून वीसदा दाखवत 'हे योग्य आहे का' म्हणून चर्चासत्रं भरवली. तिने माफीही मागितली. मग २०२३ च्या फेब्रुवारीत ती कपडे बदलत असताना कुणीतरी चोरून केलेलं चित्रीकरण पसरलं, आणि पुण्यात गुन्हा दाखल झाला. तिचा नाच आवडणं-नावडणं हा ज्याच्या त्याच्या रुचीचा प्रश्न. मला तो फारसा आवडत नाही. पण मंचावरच्या बाईने काय केलं याच्या चर्चेला महिने लागले, आणि पडद्याआड फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला चार दिवस. 'बुल्ली बाई' या ॲपवर जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे, त्यातही पत्रकार स्त्रियांचे फोटो 'लिलावा'ला काढले गेले. ते सगळे फोटो अगदी साधे होते. मुंबई पोलिसांनी पकडली ती कॉलेजच्या वयाची मुलं. रश्मिका मंदानाचा चेहरा दुसऱ्याच बाईच्या शरीरावर चिकटवलेली चित्रफीत नोव्हेंबर २०२३ ची. आता उघडं अंग दाखवायला बाईची गरजच उरलेली नाही.

१९८६ च्या कायद्यात इंटरनेट आणण्यासाठी २०१२ मध्ये दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं होतं. नऊ वर्षं ते राज्यसभेत पडून राहिलं आणि २०२१ मध्ये मागे घेतलं गेलं. नवा कायदा यायचा तेव्हा येईल. तोवर मराठी संपादकांना एक काम करता येईल, त्याला विधेयक लागत नाही. तुमच्या मथळ्यात बाईचं नाव असतं, तिचं वय असतं, नेसलेल्या साडीचा रंग आणि ब्लाउजची मापंही असतात. घायाळ होणारे 'नेटकरी' मात्र कायम बिननावाचे. पुढच्या खेपेला मथळा सोडण्याआधी त्या घायाळांपैकी एकाचं तरी नाव, गाव आणि वय छापा. छापता येत नसेल, तर ती बातमी टाकू नका.